मातापित्यांचे प्रतिरूप

ज्यांनी आपणांस देह दिला त्यांच्याच देहाचे प्रतिरूप घडवून ते धातूत अक्षय करू पाहणे, ही भक्ती म्हणावी की आसक्ती, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात राहणाऱ्याला ग्रंथांत शोधावा लागत नाही. १६५७ साली निवर्तलेल्या दिलरसबानू या औरंगजेबाच्या बेगमेसाठी तिचा पुत्र आझमशाह याने बीबी का मकबरा बांधविला असे परंपरा सांगते. त्यावर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याचे ‘तारीखनामा’ या इतिहासग्रंथात नमूद आहे. दफ्तराने आण्यांपर्यंतचा हिशेब राखला, आईचा चेहरा मात्र त्या वास्तूत कोठेही नाही. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राने आपल्या दानाचे पुण्य मातापित्यांकडे वळविले, पण मूर्ती कोरविली ती बुद्धाची. आपल्या देव्हाऱ्यातील पूर्वजांच्या टाकांतही आजोबांचे नाक कोणी ओळखू शकत नाही. शुक्रनीती हा नीतिग्रंथ तर मर्त्याची प्रतिमा, ती कितीही सुबक असो, स्वर्गप्रद मानीतच नाही.

असा निषेध पैठणच्या सातवाहनांच्या आचरणात मात्र दिसत नाही. नाणेघाटात नागनिका राणीने राजकुलातील व्यक्तींच्या नामांकित प्रतिमा कोरविल्या, आणि त्यांत जो महारठी होता तो तिचा पिताच असावा असे मानले जाते. आज तेथे नावे शिल्लक आहेत, मूर्ती भंगून गेल्या आहेत.

पण साम्य राखणे हाच तरी शिल्पकाराचा हेतू असतो काय? १८६० च्या सुमारास रोदां या फ्रेंच शिल्पकाराने ऐन विशीत आपल्या वडिलांचा अर्धपुतळा घडविला, जो पुढे ब्राँझमध्ये ओतला गेला. वडील पॅरिसच्या पोलीस खात्यातील साधे कारकून. मुलाने त्यांच्या गालांवरील केस सरळ गाळून टाकले आणि त्यांना प्राचीन रोमच्या एखाद्या करारी नागरिकाची मुद्रा दिली. म्हणजे पुतळ्यात टिकले ते वडिलांचे रूप नव्हे, तर मुलाने त्यांच्यात पाहिलेले, किंबहुना पाहू इच्छिलेले तेज. ओतकामाचा धर्मही तोच आहे: मधूच्छिष्ट विधीत मेण वितळून गेलेल्या पोकळीत धातूचा रस शिरतो, आणि मूर्तीवर उमटतात ते मेण दाबणाऱ्या बोटांचे ठसे, पित्याच्या त्वचेचा त्या धातूला स्पर्शही झालेला नसतो.

म्हणून शुक्रनीतीचा आक्षेप मला मान्य आहे, पण तो येथे लागू वाटत नाही, कारण असा शिल्पकार पित्यासाठी स्वर्ग मागतच नसतो. पितृऋण फेडण्यास श्राद्ध आहे, दान आहे. पुतळा हे सर्वस्वी पुत्राचे कृत्य आहे आणि ते त्याने पित्याच्या नव्हे, स्वतःच्याच खाती मांडावे.