धार आणि जोर

सौम्यपणा हा सद्गुण आहे, याविषयी ख्रिस्ती मनात संदेह नसतो. परंतु सौम्यपणा आणि बोथटपणा यांत आपण फरक करतो काय? हा प्रश्न आम्हांस ग्रंथाने नव्हे, तर एका जुन्या वस्तऱ्याने विचारला.

आमचे आजोबा बोटीवर नोकरीस होते. त्यांच्या पेटीतला वस्तरा आमच्या वाट्यास आला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ अशी अक्षरे आहेत. जर्मनीतील या नगराची ख्याती पोलादी पात्यांवर उभी असून १९३८ सालापासून तेथे त्या नावास कायद्याचे संरक्षण आहे. आमच्या वस्तऱ्याची धार मात्र पार गेली होती. गावातील केशकर्तनालयात आता बदलत्या पात्याचा वस्तरा वापरतात. दगडावर धार लावणारा हात तेथे उरला नाही. तेव्हा आम्हीच पाण्याचे दगड घेऊन बसलो: प्रथम १००० क्रमांकाचा, मग ४००० चा, शेवटी ८००० चा.

पहिल्याच दिवशी आम्ही जोर लावला. अशा वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून पाते धारेकडे अतिशय पातळ केलेले असते. दाबले की ते लवते, दगडास सर्वत्र सारखे टेकत नाही आणि कडेवर तारेसारखा पदर उठतो. तो धारेचा नुसता भास. त्या अर्धवट धारेने दाढी करताना पुन्हा जोर लावावा लागला आणि गाल कापला.

खरी रीत निराळी आहे. पाठ व धार एकाच वेळी दगडावर टेकवून पाते धारेच्या दिशेने न्यावयाचे. परतताना पाठीवरून उलटावयाचे. कोन आपण ठरवावयाचा नसतो. तो पाठीची जाडी ठरविते. धारेवर शाईची रेघ ओढली, तर दगड कोठे पोहोचला नाही ते उरलेली शाई दाखविते. अखेरीस तर पात्याचे स्वतःचे वजनच पुरते. मग चामड्याचा पट्टा. तेथे मात्र पाठ पुढे, धार मागे.

गालावरची ती जखम पाहताना आम्हांस एक जुना रविवार आठवला. आम्ही दारूवर प्रवचन केले. नाव कोणाचेही घेतले नाही. घेण्याची गरजही उरली नाही, कारण सारे मंदिर एकाच बाकाकडे पाहत होते. त्या गृहस्थास एकट्यास गाठून चार शब्द बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नव्हते. ती उणीव आम्ही आवाजाने भरून काढली. त्याची पत्नी नंतर एवढेच म्हणाली, “फादर, तुमचं खरं होतं. पण ते सगळ्यांना का सांगितलंत?” त्यानंतर तो मिस्साला आला नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभू प्रथम एकांतात जावयास सांगतो. संत थॉमस अक्वायनस बंधूची कानउघाडणी ही प्रीतीची कृती मानतात. म्हणजे मौन पाळणे ही सुटका नव्हे. स्तोत्रकर्त्याने कपटी जिभेस धारदार वस्तऱ्याची उपमा दिली आहे, हेही आम्ही विसरत नाही. धार आपोआप पुण्य ठरत नाही. परंतु बोथट शब्दही निरुपद्रवी नसतो. नेमके काय सांगावयाचे, कोणास आणि कोठे, हे आपण घासून पाहिलेले नसले की आपण संतापाचा, पदाचा किंवा व्यासपीठाचा भार त्यावर टाकतो. जखम बहुधा त्या भाराने होते.

मागील महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. सांगितलेल्या गोष्टीबद्दल नव्हे, सांगितलेल्या जागेबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने आतल्या खोलीकडे पाहून चहा ठेवण्यास सांगितले. तो अद्याप मिस्साला आलेला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेस हात हलका ठेवून.