नांगरणाऱ्याचा गुरु

वचन : यशया २८:२३–२९



यशया संदेष्टा यरुशलेमेच्या उन्मत्त अधिकाऱ्यांस कठोर शब्दांनी बोलत असता मध्येच एका शेतकऱ्याकडे बोट दाखवितो. हा मनुष्य वर्षभर नांगरीतच राहत नाही. जमीन सारखी झाल्यावर तो शोप, जिरे, गहू, जव ज्याच्या त्याच्या जागी घालतो. मळणीतही शोपेवर तो गाडा फिरवीत नाही, काठीनेच झोडतो. हे त्यास कोणी शिकविले? त्याच्या देवाने, असे संदेष्टा सांगतो.

पोशेऱ्याच्या माणसास ह्या वचनावर भाष्य नको. भात खाचरात लावावे, नागली व वरई उतारावरच्या वरकस जमिनीत. भात आपटावे, नागलीची कणसे झोडावी, वरईस मात्र उखळ-मुसळ पाहिजे. हे ज्ञान आपल्या आयाबायांजवळ आहे, आणि त्याचा गुरु कोण हे शास्त्राने सांगितले आहे.

असे असता, दहावी झालेल्या मुलाने शेतीचे शिक्षण घेतो म्हटले की आईबाप कष्टी होतात. "शिकून पुन्हा चिखलातच जायचे का?" कित्येक मंडळ्यांत मुलगा शिक्षक किंवा मुलगी परिचारिका झाली म्हणजे उपासनेत उपकारस्तुती होते, वाडी लावणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. हा भेद पवित्र शास्त्रात मला कोठे आढळला नाही. आमोस हा गुराखी व उंबराच्या झाडांची निगा करणारा होता.

इकडे दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात व मुलांची शाळा सुटते. ज्या प्रांतात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेथेच चैत्रात विहिरी कोरड्या पडतात; मग दुसरे पीक कशावर घ्यावे? प्रश्न खरा आहे, आणि प्रार्थना करून स्वस्थ बसल्याने तो सुटेल असे मला वाटत नाही. पाणी अडविणे शिकावे लागते, कलम बांधणे शिकावे लागते. जव्हार-मोखाड्यात ज्यांनी आंबा-काजूच्या वाड्या केल्या, मोगरा लाविला, ते हे शिकूनच उभे राहिले.

सॅम हिगिनबॉटम साहेब १९०३ साली मिशनरी म्हणून अलाहाबादेस आले व कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. खेड्यांतील दारिद्र्य पाहून ते शेतीशास्त्र शिकण्यास अमेरिकेस परत गेले. शिकविणारा पुन्हा विद्यार्थी झाला. अलाहाबादेच्या शेतकी संस्थेचा आरंभ १९१० चा. आपणांस इतक्या दूर जाणे नको. डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. दहावीनंतर कृषी पदविकेचे शिक्षण मराठीतून मिळते.

शेतीबरोबर अन्नाचा धंदाही आला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि आपली नागली शहरात बिस्किटे व पापड होऊन विकली जाऊ लागली. पीठ, पापड विकू इच्छिणाऱ्यांनी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंद करावी व माप खरे ठेवावे. (मोहाची भट्टी लावून पैसा करू नये, हे ख्रिस्ती घरास सांगणे न लगे. तीच फुले वाळवून शिजवून खाण्याची आपल्या वडिलांची रीत चांगली होती.) परंतु एक भय मला आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याचा अल्पांशही नाही. भाव आला म्हणून सारी नागली बाजारात गेली आणि घरच्या लेकरापुढे नुसता भात राहिला, तर तो कसला धंदा? वावर-वांगणीची बालके १९९२-९३ साली कुपोषणाने दगावली, ते गाव जव्हार तालुक्यातीलच. योसेफाने दुष्काळापूर्वी पाचवा हिस्सा कोठारात ठेविला होता. आधी कणगी भरावी, उरेल ते विकावे.

दहावीचा निकाल लागला म्हणजे उपदेशकांनी त्या रविवारी पदविकेच्या प्रवेशाची माहिती उपासनेत वाचून दाखवावी. दाखले आधीच काढून ठेवण्यास सांगावे. आणि उचल घ्यावी की मुलास शिकवावे, अशा पेचात जे घर असेल तेथे मंडळीच्या वडिलांनी दिवाळीपूर्वी जाऊन बसावे. घरात दाणे किती, देणे किती, हे विचारावे, व मंडळीच्या पेटीतून काय देता येईल ते त्याच बैठकीत ठरवावे. मुकादम वाट पाहत नाही.