यादीतील जागा आणि यादीतील माणूस

आयपीएलच्या लिलावाआधी कोणत्या संघाने कोणाला राखले आणि कोणाला सोडले, याच्या याद्या दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर जाहीर होतात आणि त्यांवरची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक वाट खेळाडूला मिळालेली रक्कम वाजवी की अवाजवी याच्या हिशोबाकडे जाते, तर दुसरी माणसांचा बाजार भरल्याच्या हळहळीकडे. दोन्ही वाटांनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते : यादीत राहणे किंवा यादीतून गळणे हा त्या खेळाडूच्या योग्यतेवर दिलेला निकाल होय. अमेरिकी बेसबॉलमध्ये अशा याद्या सांभाळण्याचे काम शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहे आणि त्याचे एक स्वतंत्र शास्त्रच बनले आहे. तेथे हे गृहीत टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे समजून घ्यायला वाराणसीच्या परिसरातील दोन तरुणांचे उदाहरण फार उपयोगी आहे.

रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांची कहाणी बहुतेकांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. दिनेश वाराणसीचा, रिंकू भदोहीचा, आणि भदोही हा जिल्हा १९९४ मध्ये वेगळा होईपर्यंत वाराणसीचाच भाग होता. दोघेही लखनौच्या गुरू गोविंद सिंह क्रीडा महाविद्यालयात भालाफेक करणारे. २००८ मध्ये अमेरिकी एजंट जे. बी. बर्नस्टीन यांनी भारतात भरवलेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या वेगवान फेकीच्या स्पर्धेत रिंकू पहिला आला आणि त्याला एक लाख डॉलर मिळाले, दिनेश दुसरा आला. बेसबॉल तोवर दोघांपैकी कोणीच खेळलेले नव्हते. टॉम हाउस या नामांकित प्रशिक्षकाकडे काही महिने शिकल्यावर २४ नोव्हेंबर २००८ रोजी पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने दोघांशीही करार केला.

या तारखेकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, पण संघ प्रत्यक्षात घडतो तो मधल्या थंडीच्या महिन्यांत. प्रत्येक क्लबची एक चाळीस जणांची यादी असते. मुख्य संघातून मैदानात उतरणारे खेळाडू तिच्यातूनच घेतले जातात, आणि खालच्या श्रेणीतील ज्या होतकरू मुलांना दुसऱ्या क्लबांपासून वाचवायचे असते त्यांनाही तिच्यातच जागा द्यावी लागते. नोव्हेंबरमध्ये ही यादी एका ठरावीक दिवशी बंद होते. त्यानंतर डिसेंबरात ‘रूल फाइव्ह ड्राफ्ट’ होतो, म्हणजे जी मुले ठरलेली वर्षे खालच्या श्रेणीत काढूनही चाळीस जणांत आलेली नाहीत, त्यांना दुसरे क्लब थोड्या रकमेत उचलू शकतात. अट एवढीच की, उचललेल्याला पुढचा संपूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवले पाहिजे. एका मुलाला वाचवायचे तर दुसऱ्याला उघड्यावर ठेवावे लागते. हिवाळ्यातला संघव्यवस्थापक खेळाडूंना गुण देत बसलेला नसतो. चाळीस जागांपैकी प्रत्येक जागा कशासाठी खर्चायची, हे तो ठरवत असतो.

माणसाचे मोल आणि जागेचे मोल यांतील हा भेद पिट्सबर्गच्याच इतिहासात लख्ख दिसतो. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने रॉबेर्तो क्लेमेंते या पोर्तोरिकन तरुणाला दहा हजार डॉलरचा बोनस देऊन घेतले. चार हजारांहून अधिक बोनस घेतलेल्या नव्या खेळाडूला मुख्य संघात ठेवावे, नाहीतर हंगामानंतरच्या ड्राफ्टमध्ये तो इतरांना खुला होईल, असा तेव्हाचा नियम होता. डॉजर्सच्या मुख्य संघात दाटी होती, म्हणून त्याला मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात धाडण्यात आले. तळाला राहिलेल्या पायरेट्सला पहिल्या निवडीचा हक्क होता आणि त्यांचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्याला चार हजार डॉलरमध्ये उचलले. पुढे क्लेमेंतेने अठरा हंगामांत तीन हजार फटके पूर्ण केले. डॉजर्सना त्याची पारख नव्हती, असे म्हणणे दहा हजारांच्या बोनसशी जुळत नाही. त्यांना माणूस कळला होता. परवडली नाही ती जागा.

रिंकू आणि दिनेश यांच्याविषयी शहाणपणाचे म्हणून जे मत सर्रास मांडले जाते, त्याची झडती याच भेदाच्या आधारे घ्यायला हवी. हे मत असे की, तो करार म्हणजे निव्वळ प्रसिद्धीचा खेळ होता. भारतासारख्या मोठ्या बाजारपेठेत नाव व्हावे म्हणून एका क्लबने दोन मुले दाखवण्यापुरती ठेवली, आणि दोघांपैकी एकही मुख्य लीगपर्यंत पोहोचला नाही हाच त्याचा पुरावा. या मतात तथ्याचा अंश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. स्पर्धा व्यावसायिक हेतूने भरवली गेली, तिचे नावच जाहिरातीसाठी घडवलेले होते आणि २०१४ मध्ये डिझ्नीने तिच्यावर चित्रपटही काढला. परंतु स्पर्धा भरवणाऱ्याचा हेतू आणि यादी सांभाळणाऱ्याचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्याशिवाय हे मत उभेच राहत नाही.

प्रसिद्धी हेच कारण असते तर दोघांचा उपयोग सारखाच होता, किंबहुना दोघांची जोडी एकट्यापेक्षा अधिक उपयोगाची होती. तरीही दिनेशला २०१० च्या हंगामानंतर सोडण्यात आले आणि रिंकूला राखण्यात आले. दिनेश उजव्या हाताने फेकतो, रिंकू डाव्या. डावखुरे पिचर, म्हणजे डाव्या हाताने चेंडू फेकणारे, बेसबॉलमध्ये नेहमीच कमी मिळतात आणि त्यांच्यासाठी खालच्या श्रेणीतली जागा थोडी अधिक काळ अडवून ठेवणे क्लबांना परवडते. बातमीच्या दृष्टीने सारख्या असलेल्या दोघांत क्लबने जो फरक केला, त्याचा उलगडा प्रसिद्धीच्या तर्काने होत नाही, जागेच्या तर्काने सहज होतो. तीच गोष्ट २०११-१२ च्या हिवाळ्याची. रिंकूला तेव्हा ऑस्ट्रेलियन लीगमध्ये कॅनबेरा कॅव्हलरीकडून खेळायला धाडण्यात आले, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो आणि कच्च्या पिचरला सरावाचे डाव मिळतात. जेथे ना अमेरिकी प्रेक्षक ना भारतीय, तेथे दाखवण्याची वस्तू कोणी पाठवत नाही. २०१२ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या दुय्यम संघाकडून ३९ सामन्यांत उतरला. प्रदर्शनासाठी ठेवलेल्या माणसाच्या हाती सामन्याच्या ऐन मध्यात इतक्या वेळा चेंडू देण्याइतका कोणताही प्रशिक्षक उदार नसतो.

मुख्य लीगपर्यंत न पोहोचणे म्हणजे सारे खोटे ठरणे, हा या मताचा दुसरा आधार पहिल्याहून दुबळा आहे. खालच्या श्रेणीत करार होणाऱ्यांपैकी बहुसंख्य कधीच वर पोहोचत नाहीत, आणि त्यांत शाळेपासून बेसबॉल खेळलेले अमेरिकी तरुणही असतात. त्यांना कोणी प्रसिद्धीची प्यादी म्हणत नाही. विसाव्या वर्षी ज्याने पहिल्यांदा बेसबॉल हाती घेतला, त्या रिंकूला कोपराच्या दुखापतीने थांबवले, आणि थांबल्यावरही क्लबने त्याला लगेच वाऱ्यावर सोडले नाही. भारतीय शरीरयष्टीला हा खेळ झेपत नाही, हे मत तर उत्तर देण्याच्याही लायकीचे नाही.

मग पायरेट्सने हा सौदा केला कशासाठी? २००८ मध्ये हा क्लब सलग सोळाव्या वर्षी जिंकलेल्यांपेक्षा अधिक सामने हरला होता आणि नील हंटिंग्टन यांच्या व्यवस्थापनाखाली तळापासून बांधणी सुरू होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करारावेळी एकोणीस किंवा अधिक वय असलेल्या नव्या खेळाडूला चार हंगाम चाळीस जणांच्या यादीत न घेताही राखता येते. म्हणजे २०१२ च्या अखेरीपर्यंत या दोन मुलांमुळे दुसऱ्या कोणाचीही जागा जाणार नव्हती. ज्या जागेसाठी दुसऱ्याला बाहेर काढावे लागत नाही, तिच्यावर कच्चा माणूस घेता येतो, त्याची वाट पाहता येते, तो चुकला तर पुन्हा शिकवता येतो. क्लबच्या उदारपणाचे गोडवे गाणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल, कारण ती सवड नियमाने दिली होती.

ही सवड आता आक्रसली आहे. २०२१ मध्ये मेजर लीगने दुय्यम संघांची फेररचना करून त्यांची संख्या १६० वरून १२० वर आणली; नवख्यांना सामावून घेणारी न्यू यॉर्क–पेन लीग त्यात संपली. २०२३ मध्ये खालच्या श्रेणीतील खेळाडूंच्या संघटनेचा पहिला सामूहिक करार झाला, त्याने सर्वांत खालच्या श्रेणीतील वार्षिक किमान वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० डॉलरवर गेले, आणि हंगामाबाहेरच्या कामाचेही पैसे मिळू लागले. ही वाढ कधीच व्हायला हवी होती. या मुलांनी वर्षानुवर्षे उपाशीपोटी दुसऱ्यांच्या घरांतून दिवस काढले. मात्र त्याच करारानुसार २०२४ पासून प्रत्येक क्लबला अमेरिकेत राखता येणाऱ्या दुय्यम खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ झाली. जागा सुखाची झाली आणि त्याच वेळी महागली. आज एखादा भालाफेकपटू तितक्याच वेगाने चेंडू फेकू लागला, तरी त्याला घेण्यासाठी कोणाला तरी काढावे लागेल, आणि असा सौदा मान्य करणारा व्यवस्थापक क्वचितच सापडेल.

भारतीय क्रिकेटमध्ये तर अशी स्वस्त जागा जवळपास नाहीच. आयपीएलचा संघ जास्तीत जास्त पंचवीस जणांचा असतो आणि त्याच्याखाली त्याचा स्वतःचा दुय्यम संघ नसतो. नेट बोलर म्हणून घेतलेली मुले हंगामापुरती असतात. त्यामुळे पंचविसातली प्रत्येक जागा कोणाच्या तरी बदल्यात मिळालेली असते आणि राखले-सोडलेच्या याद्या निष्ठुर वाटतात. वाराणसीजवळ गंजारी येथे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमची पायाभरणी झाली, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपी टी-ट्वेंटी लीगमध्ये काशी रुद्राज हा संघही उतरला. या दोन्हींचे स्वागतच आहे. पण रिंकू आणि दिनेश अमेरिकेला जाण्याआधी ज्या जागेवर टिकून होते ती मैदानात नव्हती, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयाच्या वसतिगृहात होती; तेथे राहणे, जेवणे आणि सराव यांची सोय होती आणि दर महिन्याला पदक मागणारे कोणी नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबरमधील तीनेक आठवड्यांची लीग आटोपल्यावर संघाच्या यादीतला सतरा-अठरा वर्षांचा कच्चा मुलगा पुढच्या ऑगस्टपर्यंत कोणाच्या खर्चाने जेवतो, कोणाच्या नजरेखाली गोलंदाजी करतो आणि खांदा दुखू लागला तर कोणाकडे जातो, हे प्रश्न लिलावातील आकड्यांच्या आधी विचारले गेले पाहिजेत, आणि गंजारीच्या प्रेक्षागृहात किती माणसे बसतील याच्याही आधी.