हद्दीबाहेरचे शहर

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, आणि दोघांची मिळून नगरपालिका एकच. आज रोह्यातल्या माणसालाही त्यात विशेष वाटत नाही. पण पावसाळ्यात फुगणाऱ्या नदीच्या दोन काठांवरच्या वस्त्यांनी दिवाबत्तीचा, रस्त्याचा आणि सफाईचा खर्च एका वहीत मांडायचा, हे एकोणिसाव्या शतकात सोपे नव्हते. पलीकडच्या काठावर तुंबलेल्या गटाराचे पैसे अलीकडच्याने का भरावेत? नगरपालिकेचे शहर कधी बनते, याचे उत्तर मला याच प्रश्नाच्या आसपास सापडते. तो प्रश्न आपल्या रायगड जिल्ह्यात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

सुरुवात अगदी मर्यादित हेतूने झाली. कंपनी सरकारचा १८५० चा सव्विसावा कायदा सांगत होता की, गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर तिथे नगरपालिका स्थापता येईल आणि तिला कर बसवता येईल. पनवेलने १८५२ मध्ये ती स्थापली. पेण आणि रोहा-अष्टमी त्यानंतर, १८६० च्या दशकात. पेण तेव्हा अंतोरा बंदरावर जगणारी पेठ होती. खाडीकाठच्या खारेपाटाचा भात आणि आगरांचे मीठ तिथून मुंबईला जाई. पटकीची साथ येऊ नये, पेठेतला रस्ता वाहता राहावा, रात्री कंदील पेटावेत, एवढीच अपेक्षा होती. सभासद सरकार नेमी आणि अध्यक्षपद अधिकाऱ्याकडे असे. पुढे १८७३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांची शहरी आणि गावठाणी अशी विभागणी केली, ती दहा हजार लोकसंख्येच्या रेषेवर. डोकी मोजून शहर ठरवायची सवय तेव्हाची आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने या व्यवस्थेत दुसरा विचार आणला. गटारे अधिकाऱ्यांनी कदाचित जास्त चांगली साफ ठेवली असती, हे रिपनला मान्य होते. तरीही लोकांना कारभार शिकायचा असेल तर तो त्यांच्या हाती द्यायला हवा, असे त्याचे म्हणणे होते. १८८४ च्या कायद्याने निवडून आलेले सभासद वाढले. मतदार मात्र कर भरणारे, म्हणजे मूठभर. बाकीचे गाव नगरपालिकेच्या रस्त्यावरून चालत होते, पण त्या रस्त्याबद्दल बोलण्याचा हक्क त्यांना नव्हता.

या विचाराची खरी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात, महाडला झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. महाडचेच सुरेंद्रनाथ टिपणीस त्या कामात पुढे होते. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कोणाला घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे सवर्ण फिर्यादी कोर्टात गेले. तळे खासगी आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

त्या खटल्यात तळ्याची मालकी कोणाची, हाही प्रश्न होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तळे नगरपालिकेचे, म्हणून ते कोणा एका जातीचे नाही. कित्येक दशके कर, कंदील आणि गटारे यांच्यापुरती असलेली ही संस्था त्या निकालात वेगळीच उभी राहिली. अनोळखी, नकोसा मानलेला माणूसही ‘हे माझे आहे’ असे जिथे हक्काने म्हणू शकतो ते शहर. महाडची लोकसंख्या तेव्हा किरकोळ होती. तरी १९२७ साली शहर होण्याच्या वाटेवरचे सर्वांत अवघड पाऊल टाकायची पाळी याच गावावर आली, आणि टाकलेले पाऊल नगरपालिकेने मागे घेतले. पुन्हा पुढे टाकले ते लोकांनी.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची गाडी परत मोजणीच्या रुळावर आली. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने लोकसंख्येवरून अ, ब, क असे वर्ग पाडले. १९९३ पासून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका या तीन पायऱ्या घटनेत नेल्या. महानगरपालिकेसाठी राज्यात तीन लाख लोकसंख्या लागते. पनवेलने ती रेषा १ ऑक्टोबर २०१६ रोजी ओलांडली, ती खारघर, कामोठे, कळंबोली आणि भोवतालची गावे हद्दीत घेऊन. पेणची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३८ हजार होती, रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार. या हिशेबाने दोघांची पाळी कित्येक पिढ्या येणार नाही. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, तेव्हापासून स्वतःच्या कमाईचा मोठा आधारही गेला आणि शासनाच्या सहायक अनुदानाकडे डोळे लागले.

पण पेण आणि रोहा प्रत्यक्षात त्या आकड्यांपेक्षा केव्हाच मोठे झाले आहेत. फक्त ते मोठेपण हद्दीबाहेर आहे. देशात आणि परदेशात ‘पेणचा गणपती’ म्हणून जाणाऱ्या मूर्तींपैकी किती तरी हमरापूर-जोह्याच्या घराघरांतल्या कारखान्यांत घडतात, आणि ही गावे नगरपालिकेत नाहीत. डोलवीचा पोलाद कारखाना ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. रोह्याचे पोट ज्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीवर चालते तीही नगरपालिकेबाहेर. कामगार रोह्यात राहतो, बाजार रोह्यात करतो, मुलाला रोह्यात शिकवतो. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. त्या पाण्यावर वसाहत उभी राहिली, आणि तिच्या सांडपाण्याचा प्रश्न खाली खाडीतल्या मासेमारी करणाऱ्यांच्या दारात गेला. त्यांना नगरपालिकेत मत नाही आणि वसाहतीतही नाही.

पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे तर विचारूच नका. त्याचे पाणी नवी मुंबईला गेले, आणि खारेपाटातल्या गावांनी उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लावल्या. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्राला जमिनी द्यायच्या की नाहीत यावर, २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. आमच्या जमिनीवर कोणाचे शहर उभे राहणार, हे आम्हाला विचारा, असे ते सांगत होते. नगरपालिकेचा मतदार नसलेल्या माणसाने विचारलेला हा मला दिसलेला सर्वांत नागरी प्रश्न.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नव्या नगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नियोजनाचे अधिकार मिळाले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. अटल सेतू त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता. म्हणजे नकाशा आधी, रस्ता आधी, जमिनीचे भाव आधी, आणि निवडून दिलेली सभा नंतर कधी तरी. इकडे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा २०२५ च्या डिसेंबरपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. रिपनने एकशे चाळीस वर्षांपूर्वी नाकारलेली व्यवस्था आपण विनातक्रार परत स्वीकारली, याचे मला वाईट वाटते. गटार तुंबले की आपण ओरडतो. सभागृह बंद पडले तेव्हा कोणी फारसे ओरडले नाही.

हद्दवाढ हा यावरचा एक उपाय, पण तो एकटा पुरेसा नाही. हमरापूर पेणमध्ये घेतले तरी खारेपाटातली वाशी-वढावसारखी गावे उरतातच. घटनेनेच दुसरी वाट ठेवली आहे. अनुच्छेद २४३ झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांच्या सामाईक गोष्टींचा विचार करायचा आहे, आणि त्यात पाण्याची वाटणी स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य या संस्थांच्या निवडून आलेल्या सभासदांमधून यायचे असतात. आता सभासद पुन्हा निवडून आले आहेत. हेटवण्याचे किती पाणी खारेपाटाला आणि धाटावचे सांडपाणी कोणाच्या जबाबदारीवर, हे दोन विषय पेण आणि रोह्याच्या नगरसेवकांनी त्या समितीपुढे आपले म्हणून मांडावेत, आणि मांडताना वाशी-वढावचे आणि खाडीवरचे लोक शेजारी बसलेले असावेत.