कुंडी आणण्याआधी

मांजर पाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. ‘‘आमची मनी झाडांना तोंड लावत नाही हो, नुसती हुंगते.’’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मांजर हुंगतं, पानाला अंग घासून पुढे जातं आणि मग उन्हाचा तुकडा शोधून तासभर तेच अंग चाटत बसतं. काही झाडांच्या बाबतीत एवढंसुद्धा पुरतं.

लिलीचंच बघा. पुण्या-मुंबईतल्या फुलवाल्यांकडच्या भारी पुष्पगुच्छात मधोमध ती उभी असते. लांब देठाची, पांढरी नाहीतर गुलाबी, खोलीभर घमघमणारी. फूल पुरतं उमललं की आतले सहा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि प्रत्येकाच्या टोकाला विटकरी रंगाची पूड असते. शर्टाला लागली तर डाग सहजी जात नाही. हीच पूड टीपॉयवर सांडते, खालून जाणाऱ्या मांजराच्या पाठीवर पडते आणि पुढच्या चाटण्यात पोटात जाते. पान, पाकळी, देठ, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. कुत्र्याने तीच लिली खाल्ली तर त्याचं पोट बिघडेल, पण मूत्रपिंडं शाबूत राहतील. मांजराच्या शरीरात हा घात नेमकं कुठलं द्रव्य करतं, ते अजून शास्त्रज्ञांच्या हाती लागलेलं नाही. बागेत लावतात ती डे लिलीही याच पंक्तीतली.

मांजर मुळात पक्कं मांसाहारी. वनस्पतींमधली अनेक द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची जी एक व्यवस्था आपल्या यकृतात असते, ती त्याच्या यकृतात फार दुबळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांसावरच गुजराण झाल्याने त्या कामाचं जनुक निरुपयोगी होऊन गेलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्याचं कारणही हेच. आपल्याला मानवलं म्हणून त्याला मानवेल, हा हिशेब इथे चालत नाही. आणि आपल्याकडे तर हिरवं ते सगळं गुणकारी असा एक भाबडा समज आहेच. कोरफड आपल्या घरात औषध म्हणून असते. मांजराने तिचं पान चावलं तर उलट्या आणि जुलाब. बाल्कनीतला पानओवा आपण भज्यांना वापरतो, तोही मांजराला बाधतो.

पूर्वी वाड्यातली मांजरं परसात, कौलांवर, गल्लीभर हिंडायची. काय चावायचं, काय टाळायचं याला वाव होता. आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपण खिडक्यांना जाळी बसवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या जाळीच्या आत मांजराच्या वाट्याला जे रान येतं ते तीन-चार कुंड्यांचं, आणि त्या कुंड्या आपण निवडलेल्या असतात. ‘झाड उंच ठेवलंय’ हे उत्तर कुत्र्याच्या घरात चालेल. मांजराला उंची म्हणजे निमंत्रण. त्यातून मनीप्लांटची वेल फडताळावरून खाली लोंबत असेल आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत असेल, तर तिच्यावर झडप घालायची नाही हे कुठल्या मांजराला जमणार?

मनीप्लांटवरून आठवलं. अळू नीट शिजलं नाही तर घसा कसा खवखवतो, ते ज्याने भोगलंय त्याला ही पुढची यादी वेगळी समजावून सांगायला नको. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तर आपण फदफद्यात चिंच घालतो. मनीप्लांट, डिफेनबेकिया, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, झीझी प्लांट ही सगळी त्याच अळू-सुरणाच्या कुळातली. मांजराने पान चावलं की तेच स्फटिक जिभेत आणि हिरड्यांत रुततात. लाळ गळते, ते पंजाने तोंड चोळत बसतं. पीस लिलीही याच घरातली. नावात लिली असली तरी ती मूत्रपिंडांवर जात नाही, तोंड मात्र जाळते. यातून मांजर बहुधा बरं होतं. सायकसचं तसं नाही. नर्सरीत त्याला बिनदिक्कत पाम म्हणतात, पण ते पाम नव्हेच. त्याचा प्रत्येक भाग, आणि सर्वांत जास्त बिया, यकृत निकामी करतात. कण्हेर आणि अडेनियम थेट हृदयावर जातात. मांजराच्या घरात या तिघांना दाराबाहेरच ठेवावं, यावर माझ्यापुरता वाद नाही.

गंमत अशी की, ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ म्हणून दुकानदार जी हौसेने गळ्यात मारतात, त्यातली बरीच याच बदनाम यादीत आहेत. या समजाचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या एका प्रयोगात आहे. बंद पेटीत झाड ठेवून हवेतले काही वायू किती कमी होतात ते त्यात मोजलं होतं. त्यात मनीप्लांट होता, स्नेक प्लांट होता, पीस लिली होती. आपलं घर काही बंद पेटी नव्हे. खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर बसायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील, असं २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासून दाखवलं. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी (जाळी लावून), आणि झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून आणावं.

आणि डोळ्यांना बरं वाटेल असं पुष्कळ आहे. अरेका पाम कोपऱ्यात उभा केला की खोली भरते. बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया, आफ्रिकन व्हायोलेट ही मांजराच्या घरात खुशाल ठेवावीत. बाल्कनीत ऊन असेल तर मोगरा आणि गुलाब आहेतच, फक्त त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं नसावं. स्पायडर प्लांट विषारी नाही, पण त्याची लांबट पाती मांजरांना इतकी भुरळ घालतात की ती अर्धी कुंडी फस्त करून सतरंजीवर ओकतात. निर्धोक म्हणजे पोटभर खावं असं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

पातं चावायची मांजराची ओढ फार जुनी आहे. रानमांजरंही गवत खातात. ही ओढ मोडण्यापेक्षा तिची सोय करणं सोपं. नवरात्रात घटाला आपण जसे गहू पेरतो, तसेच पसरट कुंडीत मूठभर पेरावेत. आठवड्याभरात वीतभर हिरवं पातं वर येतं आणि मांजर तिथेच रमतं. पाती पिवळी पडली की उपटून पुन्हा पेरायचे. नर्सरीतल्या कुठल्याही झाडापेक्षा हे स्वस्त आहे.

नवं झाड घेताना नर्सरीवाल्याने सांगितलेल्या बोलीभाषेतल्या नावावर थांबू नये, शास्त्रीय नाव विचारून घ्यावं. अमेरिकेतली एएसपीसीए ही १८६६ पासूनची प्राणिकल्याण संस्था मांजरांना घातक आणि निर्धोक झाडांची यादी ठेवते. त्यात ते नाव पाहावं. घरी पुष्पगुच्छ आला तर पाहुण्यांसमोरच लिली बाजूला काढायला संकोच करू नये.

आणि तरीही मांजराने लिली चावली, किंवा अंगावर पराग दिसले, तर लक्षणांची वाट पाहू नका. आधी उलट्या होतात, मग ते सावरल्यासारखं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. झाडाचं पान पिशवीत घालून मांजराबरोबर दवाखान्यात न्या, आणि रात्री उघडा असणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.