हजेरीपटातून गळलेली नावं

कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेला जाऊन बसा. जागा म्हणजे विठ्ठल मंदिराचं सभागृह, नाहीतर महापालिकेचं विरंगुळा केंद्र. दाराशी टेबल, टेबलावर हजेरीचं रजिस्टर, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. आधी प्रार्थना होते. मग सरलेल्या महिन्यात गेलेल्या सभासदांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली, आणि लगेच ज्यांचे वाढदिवस आहेत त्यांना गुलाबाचं फूल. त्यानंतर मधुमेहावर किंवा मृत्युपत्रावर व्याख्यान, एखाद्या सभासदाचं भावगीत, सहलीच्या पैशांची आठवण आणि चहा-बिस्किटं. चहा झाला तरी लोक लवकर उठत नाहीत. खरी सभा तिथेच सुरू होते: कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे झालं, कुणाची नात दहावीला आहे, पेन्शनचा फरक जमा झाला की नाही.

या संघांबद्दल मला मनापासून आदर आहे. महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत साठी उलटलेल्या माणसांनी वर्गणी काढून ते उभे केले आणि स्वतःच चालवत आणले. त्यांतले पुष्कळ फेसकॉम या राज्यव्यापी महासंघाला जोडलेले आहेत. घरात ज्यांना आता कुणी काही विचारत नाही, ते गृहस्थ इथे खजिनदार असतात. पै-पैचा हिशेब मांडतात, आणि तो चुकला तर सभेत त्यांना जाब विचारला जातो. आपल्याकडून अजून कुणाची तरी अपेक्षा आहे, ही जाणीव म्हातारपणी औषधाइतकी लागते. संघ ती देतो.

पण ते रजिस्टर जरा मागे उलटून पाहा. दोन वर्षांपूर्वी दर महिन्याला एका नावापुढे ठसठशीत सही असते. पुढे ती एक महिन्याआड येते, अक्षर कापरं होतं, आणि मग तो रकाना कोराच राहतो. चौकशी केली की उत्तरं मिळतात: ‘गुडघे गेले हो त्यांचे’, ‘तिसरा मजला आहे ना’, ‘ऐकायला येत नाही म्हणून संकोच वाटतो’, ‘मिस्टर अंथरुणाला खिळलेत, त्यांना सोडून कशा येणार’. मग काही महिने, कधी काही वर्षं, ते नाव सभेत कुणी घेत नाही. ते पुन्हा ऐकू येतं ते श्रद्धांजलीच्या वेळी.

मला याचंच फार वाईट वाटतं. संघ चालत्याफिरत्या माणसांचा झाला आहे. ज्या दिवशी संघाची गरज खऱ्या अर्थाने सुरू होते, नेमक्या त्याच दिवशी माणूस संघाबाहेर पडतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. वर्गणी भरलेली असते, सभेची सूचनाही व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. पण सूचना मिळणं आणि आपली वाट पाहिली जाणं यांत फार अंतर आहे.

अंतर बहुतेक वेळा पायऱ्यांचं असतं. पुण्यात, डोंबिवलीत, ठाण्यात, नाशकात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या, त्यांतल्या कितीतरी इमारती तीन-चार मजली आणि लिफ्ट नसलेल्या आहेत. कर्ज काढून तिथे घर घेतलं तेव्हा माणसं पस्तीस-चाळिशीत होती. वरचा मजला हवेशीर म्हणून मुद्दाम घेतला होता. आज त्याच हवेशीर घरात ती अडकून पडली आहेत. भाजीवाला खालून हाक मारतो, दोरी बांधलेली पिशवी खाली सुटते, भाजी वर येते. माणूस वरच राहतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. फार चांगली गोष्ट झाली, कितीतरी आज्या त्यामुळे माहेरच्या गावी जाऊन आल्या. पण एसटीच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचायला आधी घराच्या पन्नास पायऱ्या उतराव्या लागतात. त्या उतरता न येणाऱ्यांसाठी सवलत असून नसल्यासारखी.

वर चढून जाणं अशक्य मात्र नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांपुढच्या मतदारांना घरून मत देता आलं. आधी १२-ड क्रमांकाचा अर्ज भरून घेतला गेला, मग ठरल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असा सगळा चमू जिना चढून घरात आला. आडोसा उभा केला, मतपत्रिकेवर खूण करू दिली, पाकीट बंद करून सही घेतली. त्या चमूची वाट पाहत ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासून बसलेल्या एक आजी मला ठाऊक आहेत. मत कुणाला दिलं ते त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नाही, पण ‘माझ्याकडे आले होते’ हे पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. एका मतासाठी सरकारी यंत्रणा तिसऱ्या मजल्यावर जाते, हे लोकशाहीला शोभणारं आहे. शेजाऱ्यांना त्याहून अवघड असं काय आहे?

कायद्यालाही हे सुचलेलं आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो केंद्रीय कायदा झाला, तो आपल्याला पोटगीमुळे माहीत असतो. त्याच्या आदर्श नियमांत आणखी एक तरतूद आहे: प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी, आणि पोलिसाने शक्यतो स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटावं. त्या वाक्यातला स्वयंसेवक कुठून येणार, हे नियम सांगू शकत नाही. तो आपल्यातूनच यायचा असतो. केंद्राची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे, तीही कामाची आहे. पण फोन उचलून मदत मागण्यापर्यंत ज्यांचं मन धजत नाही, अशीच माणसं त्या पिढीत जास्त आहेत. आयुष्यभर ‘कुणाला त्रास नको’ हेच त्यांनी व्रतासारखं पाळलं आहे.

आपल्या मनावर श्रावणबाळाचा आणि पुंडलिकाचा संस्कार खोल आहे. आई-बापाची सेवा करणाऱ्या पुंडलिकासाठी देव विटेवर थांबला, यापेक्षा सेवेचा मोठा गौरव कुठे सापडेल असं मला वाटत नाही. पण या कथांनी नकळत एक गोष्ट आपल्या अंगवळणी पाडली. कावडीला पारडी दोन होती आणि खांदा एकच. सेवा म्हणजे एकट्याने करायची गोष्ट, आणि जो ती दुसऱ्यावर सोपवतो तो कमी पडला, असा आपला हिशेब. प्रत्यक्षात घराघरांत हा खांदा सुनेचा असतो, मुलीचा असतो, नाहीतर पंचाहत्तरीतल्या बायकोचा. अल्झायमर झालेल्या नवऱ्याला जी बाई दिवसरात्र सांभाळते, तिला केस कापायला, दाताच्या डॉक्टरकडे किंवा नुसतं देवळात जाऊन बसायला दोन तास कोण देतं? घरी राहून म्हातारं होणं ही आपल्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. त्याची किंमत घरातली एकच व्यक्ती मोजत असेल तर तो अभिमान तिच्या जिवावर उभा आहे.

याबाबतीत केरळकडे मी फार आदराने पाहतो. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली वेदनाशमन आणि परिहार सेवेचं काम सुरू झालं. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार हे त्यातले प्रमुख. काही वर्षांतच एक गोष्ट स्पष्ट झाली. बाह्यरुग्ण विभागापर्यंत जे पोचू शकतात त्यांच्यापेक्षा न पोचणारे अधिक अडचणीत आहेत, आणि त्यांच्या दुःखाचा मोठा भाग औषधाने जाणारा नाही. मग मलप्पुरम आणि आसपासच्या भागात शेजारपाजारच्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन गट उभे केले गेले. आठवड्यातले दोन तास देणारा शिक्षक, रिक्षाचालक, गृहिणी, कुणीही त्यात चाललं. नर्स जखम बांधते. स्वयंसेवक घरात तांदूळ आहे का, मुलाची शाळा सुटली नाही ना, रात्री कोण जागतं, हे पाहतो. पुढे २००८ साली केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं आणि ग्रामपंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सची व्यवस्था आपल्याकडे घेतली. आधी शेजारी जिना चढले आणि शासन मागून आलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बीकन हिल या जुन्या वस्तीतल्या वृद्धांनी २००१ साली असंच मंडळ काढलं. वार्षिक वर्गणी भरायची, एक फोन करायचा, आणि दिवा बदलण्यापासून दवाखान्यात सोबत जाण्यापर्यंतची सोय व्हायची. तिथून ही कल्पना त्या देशात इतरत्र पसरली. आपल्या संघांना वर्गणी, रजिस्टर, कार्यकारिणी हे सगळं आधीपासून आहे. त्यांना फक्त सभागृहाच्या दाराबाहेर पडायचं आहे.

आणि बाहेर पडताना एक पथ्य पाळायला हवं. भेटायला जाणारा तपासनीस होऊन जाऊ नये. आजी समोर बसलेल्या असताना ‘यांचं जेवण व्यवस्थित आहे ना?’ असं सुनेला विचारणं, मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलणं, फळांची पिशवी हातात देताना फोटो काढणं, हे सगळं त्या माणसाला त्याच्याच घरात परकं करतं. कुणाला भेट नकोच असेल तर तेही त्यांचं म्हणणं आहे. विचारून जावं, त्यांच्या वेळेला जावं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठ ते नव्वदीतल्या आज्या अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. ही शाळा दुपारी भरायची, कारण घरकाम आणि शेताची कामं तोवर उरकलेली असत. वाचता येत नाही ही खंत त्यांनी स्वतः बोलून दाखवली, तेव्हा शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती ऐकली. त्यांच्या भल्यासाठी काय करावं हे परस्पर कुणी ठरवलं नव्हतं.

घरात अडकलेल्यांकडे देण्यासारखंही पुष्कळ असतं, आणि ते मागून घ्यायला आपण विसरतो. आमच्या भागातल्या एक निवृत्त शिक्षिका तिसऱ्या मजल्यावरून आता खाली उतरत नाहीत. त्यांच्या संघातल्या एका तरुण म्हणजे बासष्टीच्या सभासदाने त्यांना एक काम दिलं: एकट्या राहणाऱ्यांना रोज सकाळी फोन. शाळेच्या हजेरीसारखं त्यांनी वहीत आडवे-उभे रकाने आखले. फोन उचलला तर बरोबरची खूण, नाही उचलला तर अर्ध्या तासाने पुन्हा, तेव्हाही नाही उचलला तर त्या इमारतीत किल्ली कुणाकडे आहे ते शेवटच्या रकान्यात लिहिलेलं. एकदा त्या रकान्यामुळेच न्हाणीघरात पडलेल्या एका गृहस्थांपर्यंत शेजारी वेळेत पोचले. बाईंनी त्यानंतर सगळ्यांना बजावलं, आंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही. त्यांची ‘काय रे, आवाज का बसलाय?’ ही जरब ऐंशीच्या माणसांनाही हवीशी वाटते. औषधांच्या गोळ्या चुकल्या तर लोक आता त्यांना घाबरतात.

बऱ्याच संघांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यावर काही महिन्यांत होते. अंदाजपत्रकात सहल, वर्धापनदिन, व्याख्याते, छपाई ही शीर्षं ठरलेली असतात. त्यांत गृहभेट असं एक शीर्ष यावं, थोडी का होईना रक्कम त्यापुढे असावी, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या दोघा-तिघांची नावं त्या कामासाठी इतिवृत्तात लिहिली जावीत. सभेची जागा वर्षातून एक-दोनदा अशा सभासदाच्या घरी ठेवता येईल, ज्यांना जिना उतरता येत नाही. दहा माणसं बसतील एवढी खोली बहुतेक घरांत असते. त्या दिवशी हजेरीचं रजिस्टरही वर न्यायचं, म्हणजे त्यांची सही त्यांच्या रकान्यात होईल. विषयपत्रिकेसाठी विषय लेखी द्यावा लागतो आणि त्याला मुदत असते, तेव्हा चिटणिसांना आताच एक पत्र द्या.