पडणारा खटका

पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस असला की सकाळपासून गल्लीत वेगळीच धांदल असते. जायकवाडीचं पाणी नळाला येतं कित्येक दिवसांनी एकदा, तेही थोडाच वेळ, आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यावरच भागवायचं असतं. अण्णांच्या घरात अडचण आणखी एक होती. वीस बाय तीसचा प्लॉट, जिन्याखाली बांधलेला हौद लहानसा. नळ चालू असतानाच हौदातलं पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवलं तरच हौद दुसऱ्यांदा भरून घेता यायचा. म्हणून नळाला धार लागली की इकडे मोटार चालू, हा त्या घराचा शिरस्ता.

एका उन्हाळ्यात त्यात खोडा पडला. मोटार लावली की पाच-सात मिनिटांत अख्ख्या घराची लाईट जायची. बघावं तर जिन्याजवळच्या बोर्डातल्या ईएलसीबीचा, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या यंत्राचा, खटका खाली पडलेला. वर करावा, मोटार लावावी, पुन्हा पाच मिनिटांनी खट्. तोवर नळ जायची वेळ व्हायची.

तो ईएलसीबी अण्णांनी स्वतःहून बसवलेला नव्हता. वरची खोली बांधली तेव्हा वायरमन मामांनी हट्ट धरून बसवायला लावला होता. चिकलठाणा एमआयडीसीत उभा जन्म काढलेल्या अण्णांना तो खर्च तेव्हाही रुचला नव्हता. "एमसीबी हायेत की सगळीकडं. अजून हे कशाला?" असं ते म्हणाले होते. मामा वाद घालणारे नव्हते. काम झाल्यावर त्यांनी अण्णांच्या नातीला, तेव्हा ती चौथीत होती, स्टुलावर उभं केलं आणि बोर्ड दाखवला. "हे बघ बाई, हे मेन. कुणाला करंट लागला तर त्याला हात लावायचा न्हाई. पळत यायचं आन् हे खाली पाडायचं. आन् हे छोटं बटण, टी लिहिलेलं. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर खटका पडला म्हंजे यंत्र जागं हाय." पोरीला तो खेळ वाटला. दर महिन्याला बटण दाबायचं काम तिने आपल्याकडे घेतलं, आणि दर महिन्याला टीव्ही बंद पडला म्हणून अण्णांची बोलणीही खाल्ली.

तर त्या उन्हाळ्यात एका पाण्याच्या दिवशी खटका तिसऱ्यांदा पडला आणि अण्णांनी मामांना फोन लावला. मामा गारखेड्यात दुसऱ्या कामावर होते. म्हणाले, "अण्णा, मोटारीतून करंट बाहेर गळायलाय. आज मोटार लावूच नका, बादलीनं भरा. उद्या सकाळी मेगर घेऊन येतो, सगळं तपासतो."

आता उद्या म्हणजे काय, हे पुंडलिकनगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. उद्या नळाला पाणी नाही. परवाही नाही. अण्णांच्या त्या क्षणीच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. टाकी रिकामी, घरात सहा माणसं, वर भाडेकरू पोरं, आणि नळाला उरलेली वीस मिनिटं. गल्लीच्या तोंडाशी दुकानात बसणारा एक पोरगा हाकेला आला. त्याने बोर्ड उघडला, बघितलं आणि निकाल दिला, "ईएलसीबी खराब झालाय काका. लै नाजूक असतंय ते. डायरेक्ट करून देतो." वायरचे दोन तुकडे घेऊन त्याने ईएलसीबीच्या वरची फेज-न्यूट्रल खालच्या बाजूला थेट जोडली. काम दहा मिनिटांचं. मोटार लागली ती थांबलीच नाही. टाकी ओसंडून वाहिली. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि संध्याकाळी मामांना कळवलं, "येऊ नका, झालं काम."

मामांनी विचारलं, "काय निघालं?"

"काही न्हाई, ते तुमचंच यंत्र बिघडलं होतं."

महिना संपला तेव्हा नातीने टीचं बटण दाबलं. खटका पडला, पण घरातलं काहीच बंद झालं नाही. पंखा फिरत राहिला. तिने आजोबांना हाक मारून दाखवलं. अण्णा म्हणाले, "बरंच झालं की. आता लाईट जाणार न्हाई."

पुढच्या दोन-तीन पाळ्या सुरळीत गेल्या. फक्त सूनबाई एकदा म्हणाली, मोटारीला हात लागला की झिणझिण्या येतात. "चप्पल घालून जात जा," अण्णांनी सांगितलं. घरोघरी असंच सांगतात. कूलरला झिणझिण्या आल्या तर चप्पल, फ्रिजच्या दाराला आल्या तर पायपुसणं, गिझरच्या नळाला आल्या तर प्लास्टिकचा मग. झिणझिण्या येतात याचा अर्थ त्या वस्तूच्या पत्र्यापर्यंत वीज पोचली आहे आणि ती जमिनीत उतरायला वाट शोधते आहे. कोरडा हात आणि रबरी तळवा असेपर्यंत ती वाट अरुंद असते, एवढंच.

मग एका पाण्याच्या दिवशी हौद काठोकाठ भरून जिन्याखाली पाणी सांडलं होतं. सूनबाई अनवाणी होती, हातात ओली बादली. मोटारीजवळचा व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून तिने एका हाताने मोटारीचा कान धरला आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवायला गेली. तोंडातून आवाजसुद्धा फुटला नाही. हात सोडवायचा म्हटलं तरी सुटत नव्हता, कारण एवढ्या विजेने हाताचे स्नायू आवळले जातात आणि मूठ मनाविरुद्ध अधिकच घट्ट होते.

अण्णा धावले ते थेट तिला ओढायलाच. पण नात त्यांच्याही आधी निघाली होती, आणि ती आईकडे गेलीच नाही. ती गेली बोर्डाकडे. स्टूल न लागण्याएवढी उंच झाली होती आता. तिने मेन खाली पाडलं. मोटार थांबली, आई भिंतीला घासत खाली बसली, आणि अण्णांचा हात तिच्या खांद्याला लागला तो त्यानंतर.

108 ला फोन गेला, गाडी आली. तळहातावर नाण्याएवढा भाजल्याचा काळा डाग होता. माणूस शुद्धीवर आहे, बोलतं आहे, म्हणून असा धक्का घरीच निभावून नेऊ नये. विजेने हृदयाची लय बिघडू शकते. दवाखान्यात ईसीजी काढून रात्रभर नजरेखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

मामा त्याच सकाळी आले, न बोलावता. गल्लीतून कळलं होतं. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. मेन बंद केलं, टेस्टर लावून वीज खरोखर गेल्याची खात्री केली आणि आधी मोटारीची पिन उपसून अण्णांच्या हातावर ठेवली. तीन पिनांच्या जागी दोनच होत्या. वरची जाड पिन मुळापासून छाटलेली.

"हे कुणी कापलं?"

अण्णांनीच. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरं भोक नव्हतं, तेव्हा पक्कडीने.

"ही पिन बाकी दोघींपेक्षा लांब का करत्यात, ठाव हाय? पिन खोचताना सगळ्यांत आधी ही लागावी आन् काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. हिच्यातून हिरवी वायर मोटारीच्या अंगाला जाती. लाल वायरीनं वीज येती, काळीनं परत जाती. हिरवीतून रोज काहीच जात न्हाई. आत वायर उघडी पडून पत्र्याला टेकली, तर ती वीज माणसातून जायच्या ऐवजी हिरवीतून जमिनीत जावी, एवढ्यासाठी ती असती."

मग त्यांनी मोटार खोलली. दांड्यावरचं सील झिजलं होतं. पंपातलं पाणी त्यातून झिरपून बेअरिंगपलीकडे वाइंडिंगपर्यंत पोचत होतं. खटका मोटार लावताक्षणी न पडता पाच-सात मिनिटांनी का पडायचा, याचं उत्तर त्या ओल्या तांब्याच्या तारांत होतं. तारांवरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारा मेगर लावून बघितला तर काटा शून्याजवळच रेंगाळला. ईएलसीबीला काहीही झालेलं नव्हतं. तो दर वेळी खरंच सांगत होता.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "पण मामा, मोटारीचा एमसीबी होता ना 16 अँपिअरचा. तो का न्हाई पडला?"

हा प्रश्न शहाण्या माणसाचा आहे आणि शेकडो घरांत तो विचारलाच जात नाही. एमसीबी राखतो वायरीला. वायरीतून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली, वायर तापू लागली, की तो पडतो. माणूस त्याच्या हिशेबात नाही. ओल्या अंगाचा विरोध साधारण 1000 ओहमपर्यंत उतरतो. घरातली वीज 230 व्होल्टची, म्हणजे अंगातून जाणार पाव अँपिअरच्या आसपास. साठ वॉटचा पिवळा बल्ब पेटायला लागते तेवढी. 16 अँपिअरच्या एमसीबीला ती जाणवतसुद्धा नाही, आणि माणसाचं हृदय थांबायला ती पुरून उरते. ईएलसीबीचं काम वेगळं आहे. लाल वायरीने गेलेली वीज आणि काळीने परत आलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो. दोन्हींत 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शंभर भागांतल्या तीन भागांचा फरक पडला, की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो वीज तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरल्या तर मात्र तोही ओळखू शकत नाही, कारण गेलेली सगळी वीज परत येते. म्हणून ईएलसीबी आहे या भरवशावर उघड्या वायरींशी खेळू नये.

मामांनी अजून एक गोष्ट दाखवली आणि अण्णांना तीच जास्त लागली. "समजा, पिन कापली नसती. तरी तुमचं अर्थिंग कुठाय?" अंगणात जिथे अर्थिंगचा खड्डा होता, तिथे आता फरशी होती. खड्ड्यात कित्येक उन्हाळ्यांत पाणी पडलेलं नव्हतं, मुरूम वाळून खडखडीत. मामांनी मीटर लावून मोजलं, 20 ओहम. मग नातीच्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडून दाखवला. 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. म्हणजे हिरवी वायर जागेवर असती, पत्र्यापर्यंत आलेली सगळी वीज जमिनीत वाहत राहिली असती, तरी 16 चा एमसीबी उभाच्या उभा राहिला असता आणि मोटारीचं अंग जिवंतच राहिलं असतं. ईएलसीबी मात्र तेवढ्याने केव्हाच पडला असता.

"म्हंजे हे दोन्ही पाहिजेत," अण्णा म्हणाले.

"दोन्ही. आन् तिसरी ही," मामांनी नातीकडे बोट केलं. "घरातल्या एका तरी माणसाला मेन कुठं हाय ते झोपेतसुद्धा सापडलं पाहिजे."

त्या दिवशी फरशी फोडली गेली. नवा पाइप, मीठ, कोळसा, वर पाणी ओतायला नरसाळं. मोटारीचं सील बदललं, वाइंडिंग नवं भरलं, तीन पिनांचं टॉप बसवलं. तिसरं भोक नसलेला तो एक्स्टेन्शन बोर्ड अण्णांनी स्वतः फोडला. शेवटी मामांनी डायरेक्ट केलेले ते दोन तुकडे काढले, ईएलसीबी पुन्हा मार्गी लावला आणि नातीला हाक मारली. तिने टी दाबलं. खट्. पंखा थांबला, फ्रिज थांबला, वरच्या मजल्यावरून भाडेकरू पोरांनी आरडाओरडा केला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हात जोडले, मामांना की बोर्डाला ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ही गोष्ट रचलेली आहे, माणसं कल्पनेतली आहेत. पण छाटलेली पिन, फरशीखाली बुजलेलं अर्थिंग आणि डायरेक्ट केलेला ईएलसीबी ही काही कल्पना नाही. पुंडलिकनगरातच काय, सिडकोत, मुकुंदवाडीत, कुठल्याही गल्लीत चार बोर्ड उघडून बघितले तर यातलं काहीतरी भेटेल. डायरेक्ट करून देणाऱ्या पोरापेक्षा मला दोष वाटतो तो आपल्या सवयीचा. लाईट गेली नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. वायरमन बिघाड शोधायला दोन तास मागतो तेव्हा आपल्याला तो कामचुकार वाटतो, आणि दहा मिनिटांत यंत्राचं तोंड बंद करणारा हुशार.

खटका वारंवार पडत असेल तर शोध कुठून सुरू करायचा, हे मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे. कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून सगळे एमसीबी खाली पाडा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर खटका पडेल, बिघाड त्याच्या वाटेवर आहे. तो खालीच ठेवा, त्यावरची वस्तू वापरू नका आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. बोर्डाचं झाकण स्वतः उघडू नका. आणखी एक, कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा.

आणि हे वाचून झालं की उठून आपल्या बोर्डापाशी जा. घरात टी लिहिलेलं बटण असेल तर दाबा. खटका पडला नाही, किंवा पडूनही पंखा फिरत राहिला, तर आजच वायरमनला फोन करा. बटणच नसेल, तर ईएलसीबी बसवून घ्या.